मोजण्याचा ध्यास

भाजीवाला तराजूत भाजी तोलतो. सराफ बारीक काट्यावर सोने तोलतो. लाकडाच्या वखारीत भलामोठा काटा असतो. त्यावर गाडीभर लाकूड तोलता येते. पण पृथ्वीच तोलायची झाली तर? तिला कोणत्या पारड्यात ठेवणार? आणि तो तराजू टांगणार तरी कोठे? इ. स. १७९८ मध्ये एका वृद्ध इंग्रज गृहस्थाने हे काम आपल्या घराच्या आवारातील एका बंद खोलीत केले. त्या गृहस्थाचे नाव हेन्री कॅव्हेंडिश. हा माणूस इतका बुजरा होता, की जिन्यात मोलकरीण समोर आली तरी गोंधळून जाई. आणि मोजण्याच्या कामात इतका धीट, की विजेचे झटके स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांचे माप काढी.

हेन्रीचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी नीस या शहरात झाला. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे. त्याचे आईवडील इंग्लंडच्या फार मोठ्या उमराव घराण्यांतील होते. वडिलांचे वडील डेव्हनशायरचे ड्यूक, तर आईचे वडील केंटचे ड्यूक. पण घर श्रीमंत असले तरी आईचे सुख हेन्रीला लाभले नाही. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा आई वारली. मागे राहिले वडील आणि दोन मुले. हेन्री आणि तान्हा फ्रेडरिक.

वडील लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश हे स्वतः प्रयोग करणारे गृहस्थ होते. दिवसातील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान आपोआप दाखवणारे तापमापक त्यांनी तयार केले. त्याबद्दल रॉयल सोसायटीने १७५७ साली त्यांना कॉप्ली पदक दिले. रॉयल सोसायटी ही लंडनमधील शास्त्रज्ञांची जुनी आणि नामांकित संस्था. हेन्री लहानाचा मोठा झाला तो अशा घरात. बाकीच्या मुलांच्या घरी पाहुणे येत, गप्पा होत. याच्या घरी तापमापक, वायुभारमापक आणि काटे होते.

अकराव्या वर्षी हेन्रीला लंडनजवळच्या हॅकनी येथील शाळेत घातले. पुढे १७४९ मध्ये तो केंब्रिज विद्यापीठात दाखल झाला. तेथून तो १७५३ मध्ये पदवी न घेताच घरी परतला. त्यानंतर वडील आणि मुलगा लंडनमधील एकाच घरात तीस वर्षे राहिले. १७६० साली हेन्री कॅव्हेंडिश यांनाही रॉयल सोसायटीचे सदस्य करून घेण्यात आले. दर गुरुवारी सोसायटीच्या मंडळींचे एकत्र जेवण असे. कॅव्हेंडिश त्या जेवणाला जवळजवळ पन्नास वर्षे नेमाने जात राहिले. ते आपली टोपी दर वेळी एकाच खुंटीवर अडकवीत, असे सांगतात.

ही मंडळी म्हणजेच त्यांचे सारे जग. कॅव्हेंडिश यांनी लग्न केले नाही. संगीत, नाटक, राजकारण, मेजवान्या यांत त्यांचे मन रमले नाही. त्यांना एकच ध्यास होता. जे जे दिसेल ते मोजायचे; एकदा मोजून समाधान झाले नाही, तर पुन्हा मोजायचे.

आता हवेचेच पाहा. हवा सगळीकडे सारखी असते का? त्या काळी अनेकांना वाटे, की आज हवा चांगली, उद्या वाईट. गावाची हवा शुद्ध, शहराची अशुद्ध. म्हणजेच हवेतील प्राणवायूचे प्रमाण रोज बदलत असले पाहिजे. कॅव्हेंडिश यांनी १७८१ च्या उत्तरार्धात सुमारे साठ वेगवेगळ्या दिवशी हवा तपासली. कधी ऊन होते, कधी पाऊस, कधी धुके. धुराने भरलेल्या लंडनची हवा त्यांनी घेतली आणि बाहेरच्या केन्सिंग्टनचीही घेतली. साठ दिवस तेच काम, तीच भांडी, तीच पद्धत! दुसरा कोणी असता तर पाचव्या दिवशी कंटाळला असता. अखेर उत्तर आले ते असे : हवेत प्राणवायूचे प्रमाण शेकडा २०.८३ असून ते दिवसागणिक बदलत नाही. आजची अचूक उपकरणे हा आकडा शेकडा २०.९५ दाखवतात.

त्याआधी १७६६ मध्ये त्यांनी ज्वालाग्राही हवेवर निबंध लिहिला होता. धातूवर आम्ल ओतले की हा वायू निघतो आणि तो साध्या हवेच्या मानाने फारच हलका असतो, हे त्यांनी तोलून दाखवले. हाच आपला हायड्रोजन. या कामासाठी त्यांनाही कॉप्ली पदक मिळाले. हा वायू प्राणवायूबरोबर जळला की शुद्ध पाणी तयार होते, हेही पुढे त्यांनीच प्रयोगाने सिद्ध केले. पाणी हे मूलद्रव्य आहे, ही हजारो वर्षांची समजूत त्यामुळे डळमळली.

विजेचे प्रयोग तर याहून विलक्षण होते. विजेचा प्रवाह मोजण्याचे यंत्र तेव्हा नव्हते. मग कॅव्हेंडिश यांनी स्वतःच्या शरीराचेच यंत्र केले! मिठाच्या पाण्याने भरलेल्या नळीतून वीज सोडायची आणि ती हातांनी घ्यायची. मग दुसऱ्या नळीतून घ्यायची. दोन्ही झटके अगदी सारखे लागेपर्यंत पाण्यातील तारेचे अंतर कमीजास्त करीत राहायचे. अशा रीतीने कोणता पदार्थ विजेला किती अडवतो हे ते ठरवीत. झटका बोटांपर्यंत गेला की मनगटापर्यंत, की कोपरापर्यंत, याची ते शांतपणे नोंद करीत. या माणसाला आपल्या दुखण्यापेक्षा दुखण्याच्या मापात अधिक रस होता, असे म्हटले तरी चालेल.

असा हा धीट संशोधक माणसांपुढे मात्र गांगरून जाई. अनोळखी चेहरा दिसला की ते नजर खाली घालीत. आवाज बारीक आणि चिरका होता, बोलताना शब्द अडत. स्त्रियांपुढे तर उभे राहणेही त्यांना जमत नसे. घरात मोलकरणी होत्या. पण मालकाच्या नजरेस पडायचे नाही, अशी त्यांना ताकीद होती. रात्रीच्या जेवणाला काय हवे हे ते चिठ्ठीवर लिहीत आणि ती चिठ्ठी दिवाणखान्याबाहेरच्या मेजावर ठेवीत. त्यातही विचार करण्यासारखे फारसे नसे, कारण जेवण बहुधा एकच : मेंढीच्या मांसाची एक तंगडी. एकदा चारपाच शास्त्रज्ञ जेवायला येणार होते. एवढ्या माणसांना एक तंगडी पुरणार नाही, असे घरातील बाईने कळवले. तेव्हा त्यांनी दोन तंगड्या करायला सांगितल्या. एके दिवशी जिन्यात झाडू घेतलेली मोलकरीण अचानक समोर आली. त्यानंतर त्यांनी घराच्या मागच्या बाजूला दुसरा जिना बांधून घेतला!

त्यांचे कपडेही असेच. फिकट जांभळ्या रंगाचा, उंच गळ्याचा कोट, झालरीच्या बाह्या आणि तीन कोनांची टोपी. ही तऱ्हा त्यांच्या आजोबांच्या वेळची होती. जग बदलले, पोशाखाचे रिवाज बदलले. यांचा कोट बदलला नाही. संध्याकाळचे फिरणे ठरावीक वेळी, ठरावीक रस्त्याने आणि रस्त्याच्या मधोमध होत असे. एकदा दोन बायकांनी त्यांना पाहण्यासाठी वाटेवर थांबून राहण्याचा खोडकरपणा केला. तेव्हापासून ते अंधार पडल्यावरच फिरायला जाऊ लागले.

रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्या घरी शास्त्रज्ञ जमत. एकदा तेथे ऑस्ट्रियाचा एक पाहुणा आला. आपण लंडनला आलो ते मुख्यतः कॅव्हेंडिश यांच्या भेटीसाठीच, असे सांगून त्याने त्यांची तोंडभर स्तुती सुरू केली. कॅव्हेंडिश खाली मान घालून उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. गर्दीत थोडी वाट दिसताच ते तीरासारखे सुटले, आपल्या गाडीत बसले आणि थेट घरी गेले. बिचारा पाहुणा पाहतच राहिला.

लोक त्यांना गर्विष्ठ म्हणत, तुसडे म्हणत. जवळच्या शास्त्रज्ञांना मात्र ठाऊक होते, की हा गर्व नव्हे. वोलॅस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने तर नव्या मंडळींसाठी एक युक्तीच काढली होती. कॅव्हेंडिश यांच्याकडे पाहायचे नाही; जणू काही रिकाम्या हवेशी बोलतो आहोत असे आपले म्हणणे शेजारी उभे राहून मांडायचे. विषय आवडीचा असला तर उत्तर हमखास येई, आणि ते उत्तर मोलाचे असे. मला स्वतःला वोलॅस्टन यांची ही युक्ती फार आवडते. तिच्यात कॅव्हेंडिश यांना बदलण्याचा आग्रह नव्हता आणि त्यांना एकटे टाकून देणेही नव्हते.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. वर्गात एखादा मुलगा कोणाशी फारसा बोलत नाही, नजरेला नजर देत नाही. पण आगगाड्यांची वेळापत्रके, देशांचे नकाशे किंवा जुन्या तारखा यांबद्दल विचारा, की तो तासभर सांगत राहतो. दिनक्रमात थोडा बदल झाला तरी तो अस्वस्थ होतो. मनाच्या या वेगळ्या घडणीला स्वमग्नता असे म्हणतात. इंग्रजीतून आलेला शब्द आहे ऑटिझम. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा मुलांचे सविस्तर वर्णन केले. ही घडण जन्मापासूनची असते. लाड केल्याने ती येत नाही आणि मारल्याने जात नाही. अशा अनेक मुलामाणसांना एखाद्या विषयाचा विलक्षण नाद असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो वेडेपणा वाटतो. पण ज्याला माणसांचे चेहरे, हसणे, थट्टा हे सारे परक्या भाषेसारखे अवघड वाटते, त्याला आकडे, याद्या आणि नियम यांत विसावा मिळतो. आकडे अचानक रागावत नाहीत. प्रत्येक स्वमग्न व्यक्ती शास्त्रज्ञ होते असे मात्र नाही. कोणाचा नाद जगाच्या उपयोगी पडतो, कोणाचा केवळ त्याच्याच आनंदाचा असतो.

ऑलिव्हर सॅक्स या मेंदूविकारतज्ज्ञाने जुन्या आठवणी वाचल्या आणि कॅव्हेंडिश हे बहुधा असेच स्वमग्न असावेत, असे २००१ साली लिहिले. दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या माणसाला कोणी तपासू शकत नाही, म्हणून हा अंदाजच म्हणायचा. तरीही त्यांचे आयुष्य वाचताना तो मनाला पटतो.

मन असे वेगळे असले, म्हणजे त्यात माया नसते असे नाही. क्लॅपम गावात एका बाईच्या मागे पिसाळलेली गाय लागली, तेव्हा स्त्रियांना भिणारे हेच कॅव्हेंडिश मध्ये पडले आणि त्यांनी तिला वाचवले, असे सांगतात. त्यांनी आपल्या ग्रंथालयाची हजारो पुस्तके अभ्यासकांना खुली ठेवली होती. आणि गंमत अशी, की स्वतःचे पुस्तक नेतानाही ते नोंदवहीत सही करीत. वर्गणी मागायला कोणी आले की ते यादी पाहत, सर्वांत मोठी रक्कम कोणी दिली आहे ते शोधत आणि तेवढीच रक्कम देत. वारसाने त्यांच्याकडे अफाट दौलत आली होती. एकदा त्यांच्या नावावर सुमारे ८०,००० पौंड नुसते पडून आहेत हे सांगायला पेढीचा माणूस घरी आला. कॅव्हेंडिश उलट वैतागले. ही रक्कम सांभाळण्याचा त्रास होत असेल तर आपण ती दुसरीकडे नेऊ, असे त्यांनी बजावले! हवेचा बुडबुडाही नेमका मोजणाऱ्या या माणसाला पैशाचे वजन मात्र कधी कळले नाही.

१७८३ मध्ये वडील गेल्यावर चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा तरुण डॉक्टर त्यांचा साहाय्यक झाला. ब्लॅग्डेन बोलका होता. लोकांकडून बातम्या आणणे, पत्रे लिहिणे ही कामे तो करी. दोघे घोडागाडीतून दूरवर प्रवासाला जात. गाडीच्या चाकाला अंतर मोजण्याचे यंत्र लावलेले असे. डोंगर आला की कॅव्हेंडिश वायुभारमापक घेऊन वर चढत आणि त्याची उंची काढीत. इतर लोक हवापालटासाठी प्रवास करीत. हे हवा मोजण्यासाठी करीत.

त्यांच्या या ध्यासातून आपला भारतही सुटला नाही. चार्ल्स विल्किन्स हे संस्कृत जाणणारे इंग्रज हिंदुस्थानात राहून मायदेशी परतले होते. त्यांच्याजवळ तीन हिंदू पंचांगे होती. कॅव्हेंडिश यांनी ती अभ्यासली आणि हिंदूंच्या वर्षाची व महिन्यांची गणना कशी चालते, यावर १७९२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. हिजरी वर्ष केवळ चंद्रावर चालते, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी हिवाळ्यात. पंचांगात महिने चंद्राचे असले तरी मधूनमधून अधिक महिना धरून सूर्याशी मेळ घालतात. हिशेबाची ही गुंतागुंत पाहून कॅव्हेंडिश यांना किती आनंद झाला असेल!

आता त्या बंद खोलीकडे वळू. जॉन मिशेल नावाच्या धर्मोपदेशकाने पृथ्वीची घनता मोजण्याचे एक साधन तयार केले होते. पण प्रयोग होण्याआधीच १७९३ मध्ये तो वारला, आणि ते साधन अखेर कॅव्हेंडिश यांच्याकडे आले. त्यांनी ते बहुतेक नव्याने बनवले. सुमारे सहा फुटांचा लाकडी दांडा एका बारीक तारेने आडवा टांगलेला. त्याच्या दोन टोकांना शिशाचे दोन लहान गोळे. त्यांच्याजवळ शिशाचेच दोन मोठे गोळे आणायचे. प्रत्येकाचे वजन सुमारे १५८ किलो. प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला आपल्याकडे ओढते, हे न्यूटन यांनी सांगितले होते. तेव्हा मोठे गोळे लहान गोळ्यांना ओढणार आणि दांडा किंचित फिरणार. तो किती फिरतो हे पाहायचे. पण हे ओढणे किती अल्प! वाळूच्या एका बारीक कणाच्या वजनाएवढे.

दार उघडले तरी वाऱ्याने दांडा हलणार. माणूस खोलीत उभा राहिला, तर त्याच्या अंगाच्या उष्णतेने हवा हलणार आणि प्रयोग बिघडणार. म्हणून कॅव्हेंडिश यांनी खोली बंदच ठेवली. भिंतींना भोके पाडून त्यांत दुर्बिणी बसवल्या. दिवा बाहेरून लावला. मोठे गोळे दोऱ्या आणि कप्प्यांच्या साहाय्याने बाहेरूनच हलवले. मग दुर्बिणीला डोळा लावून ते तासन्‌तास बसत. दांडा सावकाश डोलत राही. एक हेलकावा पूर्ण व्हायला कित्येक मिनिटे लागत. ते हेलकावे मोजीत, वेळ लिहीत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत. त्या वेळी त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. जन्मभर माणसांपासून भिंतीआड राहिलेल्या या गृहस्थाला भिंतीआडून करायचा प्रयोग लाभला, हा योगच म्हणायचा.

१७९८ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले : पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट जड आहे. आजचा आकडा आहे ५.५१. पृथ्वीचा आकार माहीत होताच. त्यावरून तिचे वस्तुमान काढता येते. सहाच्या पुढे चोवीस शून्ये लिहा. सुमारे तितके किलोग्रॅम! पुढे फ्रान्सिस बेली या खगोलशास्त्रज्ञाने हे सारे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा सरासरी काढताना कॅव्हेंडिश यांच्याकडून बेरजेत एक लहानशी चूक झाल्याचे आढळले. प्रयोग बिनचूक, बेरीज चुकलेली! हे वाचून गणितात चुकणाऱ्या विद्यार्थ्यांना थोडा धीर येईल.

२४ फेब्रुवारी १८१० रोजी क्लॅपम येथे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कॅव्हेंडिश यांचे निधन झाले. अखेरच्या वेळीही त्यांनी नोकराला खोलीबाहेर पाठवले होते. मागे दहा लाख पौंडांहून अधिक संपत्ती राहिली. आणि राहिले कागदांचे गठ्ठे.

सर्वांत मोठी हानी झाली ती या कागदांमुळे. कॅव्हेंडिश यांनी उभ्या आयुष्यात वीसही निबंध छापले नाहीत. मनासारखे अचूक झाले नाही तर ते कागद बाजूला ठेवीत. आणि छापले म्हणजे लोक विचारायला येणार, ही भीती होतीच. पुढे १८७४ मध्ये त्यांच्या घराण्यातील ड्यूकच्या देणगीतून केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रयोगशाळा सुरू झाली. तेथील पहिले प्राध्यापक जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी विजेवरील ते कागद वाचले आणि ते थक्क झाले. दोन विद्युतभारांमधील बलाचा जो नियम कूलोम यांच्या नावाने तुम्ही शिकता, तो कॅव्हेंडिश यांनी आधीच पडताळला होता. ओहम यांचा नियम १८२७ मध्ये जगापुढे आला. त्याचे सारही या कागदांत १७८१ च्या सुमारास होते. मॅक्सवेल यांनी पाच वर्षे खपून हे कागद १८७९ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच साली ते वारले. विजेच्या झटक्यांचा प्रयोगही त्यांनी पुन्हा करून पाहिला. प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांनाही ते झटके घ्यायला लावीत. एका अमेरिकन पाहुण्याला ते मुळीच रुचले नाही!

एक बुडबुडा मात्र अजून राहिला होता. १७८५ मध्ये कॅव्हेंडिश यांनी हवेतील नायट्रोजनमधून विजेच्या ठिणग्या सोडून तो नाहीसा करण्याचा प्रयोग केला होता. सगळा वायू गेला, पण नळीत एक इवलासा बुडबुडा उरला. तो काही केल्या जाईना. दुसऱ्या कोणी त्याच्याकडे काणाडोळा केला असता. कॅव्हेंडिश यांनी तो मोजला आणि नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून तो जास्त नाही, अशी नोंद निबंधात करून ठेवली. १०९ वर्षांनी, १८९४ मध्ये, रॅले आणि रॅम्से या शास्त्रज्ञांनी त्या जुन्या नोंदीकडे पुन्हा पाहिले. तोवर कोणालाही माहीत नसलेला एक वायू त्यांनी हवेतून वेगळा काढला आणि त्याला अरगॉन हे नाव दिले. वेल्डिंगच्या कारखान्यांत आज लोखंडी सिलिंडरमध्ये भरून येतो, तो हाच वायू.